धागा उचलणारं बोट

११ जानेवारी २०२४, गोडादरा, सुरत

मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरबाई आज म्हणाल्या, "बा, रोज लखो. पोरगी काय करू शकली, काय नाही. तारीख टाकून." गुजरातीत बा म्हणजे आजीबाई, लखो म्हणजे लिहा. मला सांगतात! अठ्ठावीस वर्षं सुरतेच्या मराठी शाळेत हजेरीपट ठेवला, एक खाडाखोड दाखवा म्हणावं. त्यांना स्वच्छ कागदावर उतरवून देईन. ही वही माझी, हिच्यात मी मनातलंही लिहीन.

चंचल, वय तीन वर्षं एक महिना. माझी नात. आज हॉलच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत चौदा पावलं चालली. दोनदा पडली. बोलली ते शब्द: पाणी, आजी, कबुतर, नको ना. दिवाळीत हीच पोरगी जिन्यावरून धावत उतरायची आणि मी मागून ओरडायचे, "अगं भवाने, थांब!" आता थांबलीय तर जीव जातो माझा.

डॉक्टरबाईंनी विचारलं, लग्न नात्यातलं का. मी ठणकावून सांगितलं, हो. सून अश्विनी माझ्या सख्ख्या भावाची, धुडकूची मुलगी. आमच्या खानदेशात मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क. मी स्वतः आत्याच्याच घरी दिलेली. त्यांनी पेन थांबवून चष्म्यावरून बघितलं. बघेनात का.

मग दुसरं विचारलं. याआधी घरात कुठल्या मुलाला असं झालं होतं का. माझ्या मुलाने, योगेंद्रने, माझ्याकडे बघितलं, अश्विनीनेही. घरातलं जुनं मीच सांगणार ना. मी म्हटलं, नाही.

रक्त घेतलं. मेंदूचा फोटो परवा काढायचा आहे.

१५ जानेवारी

काल उत्तरायण. सगळं गोडादरा गच्चीवर. योगेंद्र लूम्सच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, बारा-बारा तास उभा असतो, त्याला वर्षातून हेच दोन दिवस. चंचलला खांद्यावर घेऊन पतंग दाखवत होता. ती "कबुतर, कबुतर" म्हणून हसत होती. उतरवलं तर गच्चीच्या सपाट फरशीवर पडली. शेजारची पुष्पकळा बोलली, "हाडं कच्ची आहेत, उन्हात बसवा." डॉक्टर काय कमी आहेत गल्लीत!

अश्विनी खालीच होती. साड्यांचा गठ्ठा आलेला, उद्या द्यायचा. साडीच्या उलट्या बाजूला नक्षीचे सुटे धागे लोंबतात, ते कापायचं काम ती घरी बसून करते. डाव्या हाताच्या बोटाने धागा उचलायचा, उजव्या हाताने कातर. इतकं भराभर करते की बघत राहावं. कापता कापता रक्ताच्या तपासणीचा कागद मांडीवर ठेवून वाचत होती. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती ही. लॅबचा कोर्स करायचं डोक्यात होतं. मी धुडकूला म्हटलं होतं, पोरीच्या डोक्यात हवा जायच्या आत उरकून टाक. एकवीस पूर्ण झाली आणि उरकलं.

लग्नाआधी मला "आत्या, तू" म्हणायची, गळ्यात पडायची. लग्नानंतर "आत्या, तुम्ही". मीच तसं सांगितलं होतं. चार लोकांत सासू ती सासू.

२४ जानेवारी

रिपोर्ट नॉर्मल! पेढे आणले.

खरं म्हणजे निम्मंच नॉर्मल. मेंदूच्या फोटोत पांढरं काहीतरी दिसतंय. डॉक्टरबाई म्हणाल्या, फोटो एका आजारासारखा आहे, पण त्या आजारात एक एन्झाइम कमी असतो आणि चंचलचा तर भरपूर आहे. मग तो आजार नसणार. "बा, बराबर याद करीने कहो," नीट आठवून सांगा, असं पुन्हा विचारलं. घरात आधी कुणाला झालं असतं, तर त्या आजच्या आज जनुकाची तपासणी लावणार होत्या. नाहीतर व्यायाम चालू ठेवायचा, तीन महिन्यांनी परत बघू म्हणाल्या.

मी म्हटलं, नाही हो, कुणाला नाही.

आता वहीत लिहिते. नूतनला पोलिओ झाला होता. सगळ्या गावाने पोलिओच म्हटलं. त्याचा याच्याशी काय संबंध? उगीच जुनी मढी कशाला उकरायची. झाकली मूठ सव्वा लाखाची.

८ फेब्रुवारी

अकरा पावलं. "नको ना" म्हणत नाही हल्ली, नुसतं "न".

रात्रीची भाकरी करताना अश्विनीला म्हटलं, आता रिपोर्ट चांगला आलाय, दुसऱ्याचं मनावर घ्या. घरात भावंड आलं की चंचलही त्याच्यामागे पळायला लागेल. ती म्हणाली, "आत्या, थोडं थांबू का? फोटोत ते पांढरं होतं ना." मी म्हटलं, थांबून थांबून म्हातारी होशील. योगेंद्र बापावर गेलाय. ह्यांच्यासारखाच, बायकांच्या बोलण्यात पडायचं नाही म्हणून ताट घेऊन बाहेर जाऊन बसतो. हे जाऊन सहा वर्षं झाली, ताट घेऊन उठायची सवय मात्र घरात राहिली.

९ एप्रिल, पाडवा

गोड बातमी. महिना वर गेलाय. अश्विनीने सकाळी गुढी उभारताना सांगितलं. मी तिची दृष्ट काढली. धुडकूला फोन केला. तो "बरं व्हयनं", बरं झालं, म्हणाला. मग लगेच विचारलं, "बहीन, चंचलनं कसं से?" चंचलचं कसं आहे. मी म्हटलं, ठीक आहे.

चंचल: तीन पावलं, तीही धरून.

१८ एप्रिल

आज एकही नाही.

अंघोळ घालताना पाय ताठ. सोडवायला गेले तर एकावर एक चढले, कात्रीसारखे. रेटलं तरी वेगळे होईनात. माझ्या हातातला तांब्या पडला.

लिहायचंच तर खरं लिहावं. मास्तरणीने खोटं लिहू नये.

पल्स पोलिओच्या ड्युटीला आम्हा शिक्षकांनाच लावायचे. पहिल्याच वर्षी, म्हणजे पंचाण्णव साली, प्रशिक्षणात एका डॉक्टरने टेबलावर ओला रुमाल टाकून दाखवला. म्हणाला, पोलिओचा पाय असा लुळा पडतो. पाय ताठ होत असेल तर ते वेगळं दुखणं, ते आमच्या यादीत लिहू नका. बाकीच्या बाया गप्पा मारत होत्या. मी त्या रुमालाकडे बघत बसले. नूतनचे पाय लुळे नव्हते. लाकडासारखे होते. एकावर एक चढायचे.

मला पंचाण्णव सालीच कळलं की तो पोलिओ नव्हता. अठ्ठ्याण्णव साली धुडकूच्या घरी मुलगी झाली. तिच्या बारशाला जाऊन पाळण्याला हात लावून मी म्हटलं, ही माझ्या योगेंद्रची.

का केलं असं? परक्याची पोरगी म्हातारपणी पाणी देईल न देईल, भावाची पोरगी नक्की देईल. एवढंच होतं डोक्यात. दुसरं काही नव्हतं. मी इतकी का आपमतलबी आहे?

२ मे

आज दवाखान्यात अश्विनी बोलली. मी मूग गिळून बसले.

तिने कुठून कुठून वाचून वहीच्या पानावर गुजरातीत प्रश्न लिहून आणले होते. डॉक्टरबाईंना विचारलं, एन्झाइम नॉर्मल असूनही तोच आजार असतो का? डॉक्टरबाई खुर्चीत सरळ झाल्या. म्हणाल्या, असतो, पण फारच क्वचित, मी स्वतः एकही पाहिलेला नाही. मग समजावलं. पेशीत एका जातीची चरबी रोजच्या रोज मोडावी लागते. मोडणारा असतो एन्झाइम. पण ती चरबी पडद्याला चिकटून बसलेली असते, एन्झाइमचा हात तिथे पोचत नाही. तिला उचलून त्याच्यापुढे धरणारं एक बारकंसं प्रथिन असतं, मदतनीस. काही मुलांच्यात तेच बनत नाही. मग चरबी साचत जाते आणि नसांवरचं आवरण खराब होतं.

अश्विनी पटकन म्हणाली, "म्हणजे कातर बरी आहे. धागा उचलणारं बोट नाही."

डॉक्टरबाईंना धागा कटिंग समजावून सांगावं लागलं. समजल्यावर म्हणाल्या, एकदम बरोबर. आणि लॅबमध्ये आम्ही कातरीला सुटा धागा देऊन बघतो, ती छान कापते, म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतो. ही पोरगी लॅबमध्ये कामाला हवी होती, असंही म्हणाल्या. अश्विनी लाजली. मी पर्सचा बंद नीट करत बसले.

चंचलची लघवी तपासायला घेतली. मग म्हणाल्या, घरात आधीचं एखादं मूल असतं, तर मी जानेवारीतच इकडे वळले असते. आणि अश्विनी काय बोलली! "नाही मॅडम, आमच्या आत्यांना सगळं पाठ आहे. त्या चुकायच्या नाहीत."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण इतका भरवसा ऐकल्यावर माझ्याच्याने बोलवलं नाही. देवा, ती शिव्या देत असती तर सांगितलं असतं.

१० मे, आखाजी

सांगितलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासुरवाशीण माहेरी जाते, म्हणून धुडकू पारोळ्याहून अश्विनीला न्यायला आला होता. सकाळी मी पितरांची घागर भरली. सांजोऱ्या, आंब्याचा रस, सगळं ठेवलं. ह्यांचं नाव घेतलं, सासू-सासऱ्यांचं घेतलं. दरवर्षी सगळे उठून गेले की मी डब्यामागून एक छोटं मडकं काढते आणि पाणी भरून घागरीच्या आड ठेवते. त्याला कधी नाव घेत नाही. आज सगळे उठायच्या आतच काढलं गेलं.

अश्विनी मागेच उभी होती. "आत्या, हे छोटं कुणाचं?"

असंच गं, म्हणणार होते. दारात धुडकू उभा होता. त्याने हळूच म्हटलं, "बहीन, आते कोनपाइन दपाडी राहिनी?" आता कुणापासून लपवतेस.

मी म्हटलं, "नूतनचं. माझ्या मुलीचं. योगेंद्रच्या आधीची. चार वर्षांची होऊन गेली. अशीच. चंचलसारखीच."

अश्विनीने आधी पोटावर हात ठेवला. मग विचारलं, "चालायची?"

"चालायची. मग थांबली."

"डॉक्टरने तुला दोनदा विचारलं." तुम्हाला नाही, तुला. पाच वर्षांनी. "मला तू थांबू दिलं नाहीस. मी म्हटलं होतं ना आत्या, थोडं थांबू का?"

मी पाया पडायला गेले. तिने पाय मागे घेतले. धुडकू भिंतीला टेकून रडायला लागला, तर त्याच्याकडे वळून म्हणाली, "आणि तुम्ही पण, बाबा. तुम्हाला पण माहीत होतं." माहेरी गेली नाही. सांजोऱ्या तशाच राहिल्या.

११ मे

योगेंद्र दुपारी खात्यातून आला. मला वाटलं ओरडेल. तो शेजारी बसला आणि म्हणाला, "आई, मला बहीण होती?" मी मान हलवली. "कशी होती दिसायला?" म्हणाला. एकही फोटो नाही. मी सांगितलं, तुझ्यासारखे कान. तो उठून बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला.

सुरतेत आम्ही आलो त्र्याण्णव साली, तेव्हा हा पोटात होता. इथे कुणाला काही माहीत नव्हतं, म्हणून तर मला सुरत आवडली. जनगणनेच्या ड्युटीवर मी हजारभर तरी बायांना विचारलं असेल, एकूण मुलं किती झाली, हयात किती? बाया पदराने डोळे पुसत आकडे सांगायच्या. एकीने सात झाली, तीन हयात सांगितलं. कुणी लपवलं नाही. माझ्या घरचा फॉर्म मी दोनदा भरला, २००१ ला आणि २०११ ला. झालेली मुलं एक, हयात एक. दोन्ही वेळा सुंदर अक्षरात.

१४ मे

नूतनचं सांगितलं तरी डॉक्टरबाई मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. कागदावर चौकोन आणि गोल काढत गेल्या. पुरुष चौकोन, बाई गोल. माझा गोल, ह्यांचा चौकोन. नात्यातलं लग्न म्हणून मध्ये दोन रेघा. खाली योगेंद्र. त्याच्या शेजारी अश्विनी, तिथेही दोन रेघा. चंचलचा गोल काळा भरला. मग नूतनचा काढला आणि तोही भरला. कागदावर इतकं स्वच्छ दिसत होतं की चौथीतलं पोरही सांगू शकलं असतं.

चंचलच्या जनुकाची तपासणी आजच लावली. ती कळली की पोटातल्याची करता येईल. आधी कळलं असतं, तर अकराव्या-बाराव्या आठवड्यातच बाळाचं कळलं असतं. आता सतरावा तरी लागेल. मी विचारलं, जानेवारीत सांगितलं असतं तर चंचलला औषध मिळालं असतं का? खरं सांगा. त्या म्हणाल्या, बा, खरं सांगते, नाही. तिचं हेच झालं असतं.

मला क्षणभर बरं वाटलं. मग अश्विनीकडे लक्ष गेलं. ती त्या कागदावर चंचलच्या गोलाशेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होती. तिथे अजून काही काढलेलं नव्हतं.

९ जून

तेच निघालं. मदतनीस प्रथिनाचं जनुक बिघडलेलं. लघवीतही ती चरबी सापडलीय. योगेंद्रकडून एक, अश्विनीकडून एक, असं दोन्हीकडून आलं तरच मूल आजारी पडतं. दर खेपेला चारात एक. माझं योगेंद्रमार्फत, धुडकूचं अश्विनीमार्फत. आम्ही दोघं बहीण-भाऊ एकाच आईच्या पोटचे, आणि आम्हाला खोकला सोडून काही नाही.

चंचल: गिळताना ठसका. शब्द एकच राहिलाय, "आ". आजी म्हणते की आई, कोण जाणे. अश्विनी म्हणते आई. म्हणू दे.

माझ्याशी कामापुरतं बोलते. आत्या म्हणत नाही. "दूध उतू जातंय," एवढं म्हणते, कुणाला ते म्हणत नाही.

२९ जून

काल बाळाभोवतीचं पाणी तपासायला काढलं. दोन आठवडे लागतील. मी देवाला नवस बोलले नाही. कुठल्या तोंडाने बोलू?

धागे कापायला मी बसते आता तिच्याऐवजी. मला जमत नाही. कातर चालते, पण बोट चुकतं आणि साडीला भोक पडतं. दोन साड्या परत आल्या.

१६ जुलै

चारात एक होतं. तेच एक आलं.

अश्विनीने फोन ठेवला आणि चंचलला मांडीवर घेऊन बसून राहिली. मी पाण्याचा पेला पुढे केला. तिने घेतला. मग म्हणाली, "परवापासून हलतंय." इतकं सरळ म्हणाली, भाजी चिरून झाली म्हणावं तसं.

अकराव्या आठवड्यात हललं नसतं.

२० जुलै

झालं. गर्भ काढला तेव्हा योगेंद्र तिच्याबरोबर होता. मुलगा होता का मुलगी, मी विचारलं नाही, तो हक्क मला नाही. धुडकू आला होता. दवाखान्याबाहेरच्या बाकावर आम्ही दोघं म्हातारी बहीण-भाऊ चार तास बसलो. त्याने एकदा म्हटलं, "बहीन, मनाबी दोष से." माझाही दोष आहे. मी म्हटलं, आहे. दुसरं काय म्हणणार? त्याला बरं वाटावं म्हणून अजून एक खोटं कुठून आणू?

अश्विनी दवाखान्यातूनच माहेरी गेली, चंचलला घेऊन. घर नुसतं खायला उठतं.

४ ऑगस्ट

आज आली. मला वाटलं होतं येणार नाही.

चंचलला नळीने भरवतात आता. मी हाक मारली तर डोळे माझ्याकडे वळले. हे लिहून ठेवते, आज डोळे वळले.

जेवणं झाल्यावर अश्विनी ही वही घेऊन माझ्यापुढे बसली. म्हणाली, "वाचली मी. आखाजीनंतर लगेच वाचली होती. डब्यामागे ठेवतेस ना, मडक्याशेजारी." पुन्हा "तू" म्हणाली. रागाने की कशाने, मला ओळखता आलं नाही. मी पन्नास पोरांच्या वर्गात कोण खोटं बोलतोय ते चेहऱ्यावरून ओळखायचे, पण हिचा चेहरा वाचता येईना.

मी म्हटलं, पोरी, मला माफ कर.

"ते नाही जमणार, आत्या," ती म्हणाली. "आत्ता तरी नाही. कधी जमेल माहीत नाही." मग वहीचं कोरं पान उघडून पेन माझ्या हातात दिलं. "माझ्या धाकट्या बहिणीला स्थळं यायला लागलीत. सगळी आपल्याच सोयऱ्यांतली. डॉक्टर म्हणाल्या, सगळ्यांना सांगायला लागेल, तपासायला लागेल. आईबाबांना तारखा आठवत नाहीत. तुला सगळं पाठ आहे. नूतनचं लिही. चंचलचं लिहिलंस तसंच. मी ते घेऊन घरोघर जाणार आहे."

तिथेच बसून धागे कापत होती, मी लिहीपर्यंत. उठली नाही.

नूतन. जन्म ३ मार्च १९८८, पारोळा. वडील दगा, आई पुष्पा. तेराव्या महिन्यात चालली. दोन वर्षांची असताना ओट्यापासून गोठ्यापर्यंत धावायची. शब्द: माय, बा, वासरू, मामा, दे, आणि बरेच. अडीच वर्षांची असताना पडायला लागली. १९९० च्या दिवाळीत धरून चालायची. १९९१ च्या संक्रांतीपासून चालली नाही. पाय ताठ, एकावर एक चढायचे. पोलिओ नव्हता. शेवटचा शब्द माय. पुढे गिळता येईना. १९९२ च्या आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी माझ्या मांडीवर गेली. चार वर्षं दोन महिने.

माहिती देणारी: पुष्पाबाई, आई. झालेली मुलं दोन. हयात एक.